अंधेरीचा गिल्बर्ट हिल

अंधेरी पश्चिमेस इमारतींच्या गर्दीत सुमारे २०० फूट उंचीचा काळा कातळ उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा लाव्हारस थिजून हे उभे पाषाणस्तंभ घडले. खडकात खोदलेल्या पायऱ्यांची चढण छोटी, परंतु दम काढणारी आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून तेथून अवघे उपनगर दृष्टीस पडते.

भोवतालची टेकडी मात्र बांधकामाच्या दगडासाठी खाणींनी पोखरून नेली. १९५२ साली या कातळास शासकीय संरक्षण लाभले. २००७ साली महापालिकेने त्यास वारसा दर्जा दिला. तरीही आज वस्ती पायथ्याला भिडली आहे. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. हा कातळ ढासळला तर तो पुन्हा उभारणे मानवाच्या हाती नाही.