अरण्यांतील पाऊल आणि पायतण

मराठींत ‘पायांतली वहाण पायांतच बरी’ अशी एक म्हण आहे. ती उच्चारणारा मनुष्य दुसऱ्या कोणाला तरी त्याची पायरी दाखवीत असतो. वहाणेची पायरी मात्र त्यानें न विचारतांच ठरवून टाकलेली असते. उंबरठ्याबाहेर राहणारी, देवळांत न जाणारी, रागाच्या भरांत उगारली जाणारी, अशी ही वस्तु. परंतु ज्या प्रदेशांत मनुष्याचें पोट त्याच्या चालण्यावर अवलंबून असतें, तेथें याच वस्तूच्या इतिहासांत त्या प्रदेशाचें दारिद्र्य, त्याचे रोग, त्याचे धंदे आणि त्याची समाजरचना हीं सर्व उमटलेलीं दिसतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे अशा प्रदेशांपैकीं होत.

पूर्वीं हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा होता. गोंड राजांची ही राजधानी पुढें नागपूरकर भोसल्यांकडे आली आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांच्या हातीं गेली. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं पूर्वेकडील तालुके तोडून गडचिरोली जिल्हा निराळा करण्यांत आला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या कांठचा हा मुलूख साग, बांबू, मोह, तेंदू आणि हिरडा यांनीं भरलेला आहे. पायांच्या दृष्टीनें पाहिलें तर येथें वर्षाचे तीन निरनिराळे शत्रु आहेत. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि मुरमाड वाट तव्यासारखी तापते. त्याच दिवसांत तेंदूचीं पानें तोडण्याचा हंगाम असतो, त्यामुळें घरीं बसण्याची सोय नसते. पावसाळ्यांत ओढेनाले वाटा अडवितात आणि भाताच्या बांध्यांत गुडघाभर चिखल होतो. हिवाळा त्या मानानें सौम्य. परंतु बांबू तोडल्यावर जमिनीलगत राहणारे तिरके, अणकुचीदार खुंट आणि बोरी-बाभळींचे कांटे बाराही महिने जागच्या जागीं असतात.

अशा रानांत गोंड, माडिया आणि कोलाम लोक पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशीं अनवाणी वावरले. शहरांतील मनुष्यास यांत केवळ अज्ञान दिसतें. तें तसें नाहीं. अनवाणी पाय निसरड्या दगडावर बोटांनीं पकड घेतो, ओढा ओलांडल्यावर क्षणांत वाळतो आणि त्याचा आवाज होत नाहीं. देशी चामड्याची वहाण चार दिवस भिजली कीं फुगते, नंतर वाळून कडक होते आणि टांके सोडते. ज्या वस्तूला पावसाळ्यांत निभाव लागत नाहीं तिच्यावर रोख पैसा घालविण्यास वनवासी मनुष्य तयार नव्हता, हें व्यवहारास धरूनच होतें. मात्र या काटकसरीची किंमत तो दुसऱ्या रीतीनें देत होता, आणि ती किंमत किती मोठी होती हें विसाव्या शतकांतील वैद्यकशास्त्रानें दाखविल्याशिवाय कोणालाच कळलें नाहीं.

अनवाणीपणाचें दुसरें कारण सामाजिक होतें. पायतण घालणें हा देशांत पुष्कळ ठिकाणीं केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, अधिकाराचा होता. वरिष्ठासमोर जोडे काढून उभें राहावयाचें, वरच्या जातीच्या आळींतून जातांना वहाणा हातांत घ्यावयाच्या, हे दंडक गांवोगांव होते. परकीय राज्यकर्त्यांनींही हा शिष्टाचार आपल्या सोयीप्रमाणें उचलला. ज्या १८५४ सालीं चांदा इंग्रजांकडे गेला त्याच सालीं कलकत्त्याच्या सरकारनें असें ठरविलें कीं, युरोपियन पद्धतीचे बूट घातलेल्या हिंदी गृहस्थानें सरकारी समारंभांत ते काढण्याचें कारण नाहीं. देशी जोड्यास मात्र ही सवलत नव्हती. म्हणजे पाय तोच, चामडेंही कदाचित् तेंच. शिवणीची तऱ्हा बदलली कीं मान बदलला! शहरांतील सुशिक्षित वर्गांत बुटाचें माहात्म्य वाढण्यास अशा नियमांचा हातभार लागला नसेल असें म्हणवत नाहीं.

ज्याच्या हातून ही वस्तु बनत असे त्याच्या वांट्यास तर मान मुळींच आला नाहीं. वास्तविक कातडें कमावण्यास लागणारें मुख्य द्रव्य याच जंगलांतून मिळे. हिरड्याच्या फळांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य विपुल असतें. तें कातड्यांतील तंतूंना घट्ट बांधतें आणि कुजूं देत नाहीं. बाभळीच्या सालीचाही तोच गुण. करंजाच्या तेलानें चामडें मऊ राहतें. ही विद्या चांभार आणि मोची यांनीं शतकानुशतकें जतन केली. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत कातडें कमावण्याची कृति, जोड्यांचे प्रकार आणि जोड्यांसंबंधींच्या समजुती यांची स्वतंत्रपणें नोंद केलेली आढळते. कातड्याच्या कुंडांतील दुर्गंधि सहन करावयाची एकानें आणि त्या चामड्यावर चालावयाचें दुसऱ्यानें, वर शिवाशीव पाळावयाची तीही पहिल्याचीच, असा हा व्यवहार होता.

या व्यवहाराविरुद्ध दोन दिशांनीं आवाज उठला, आणि दोन्हींचा या भागाशीं जवळचा संबंध आहे. दक्षिण आफ्रिकेंत असतांना गांधीजी स्वतः चपला शिवण्यास शिकले होते. तुरुंगांत शिवलेला एक जोड त्यांनीं १९१४ सालीं तो देश सोडतांना जनरल स्मट्स यांस भेट दिला. पुढें ते वर्ध्यास येऊन राहिल्यावर, १९३५ च्या सुमारास, जवळच्या नालवाडी येथें वाळुंजकरांच्या देखरेखीखालीं चर्मालय सुरू झालें. नैसर्गिक रीतीनें मेलेल्या जनावरांचेंच कातडें घ्यावयाचें, तें शास्त्रीय रीतीनें स्वच्छपणें कमवावयाचें आणि या धंद्यास प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची, असा त्यामागील हेतु होता. दुसरा आवाज अधिक तिखट होता. मेलेलीं गुरें ओढण्याचीं व मृतमांसाचीं लाजिरवाणीं बंधनें झुगारून द्या, असा उपदेश डॉ. आंबेडकरांनीं १९२७ च्या महाड परिषदेपासून चालविला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें आणि दोनच दिवसांनीं चांद्यास त्यांनीं आपल्या हजारों अनुयायांस दीक्षा दिली. एकानें कामाची प्रतिष्ठा मागितली, दुसऱ्यानें माणसाची. ज्यांच्या पाठीवर तें ओझें होतें त्यांनीं दुसऱ्या मागणीस अधिक जोरानें ओ दिली, यांत नवल नाहीं.

इकडे जंगलांत बूट आला तो सरकारी नोकराच्या पायांतून. १८७८ च्या वनकायद्यानें राखीव जंगलांची व्यवस्था पक्की झाली. आलापल्लीच्या सागवानाची मोजदाद आणि राखण सुरू झाली. लष्करी बूट हा त्या काळचा आदर्श. कानपुरास १८६० नंतरच्या दशकांत सरकारी खोगिरांचा व चर्मसामानाचा कारखाना निघाला आणि पुढें तें शहर सैन्याच्या बुटांचें मोठें केंद्र झालें. जाड चामडें, तळाशीं लोखंडी खिळे, टाचेस लोखंडी नाल, असा तो बूट. कवाइतीच्या मैदानावर तो शोभे. परंतु ओल्या खडकावर तो घसरे, उन्हांत लोखंड तापे आणि भिजल्यावर पायास तो बेडीसारखा होई.

बुटानें पायास जुळवून घ्यावें, पायानें बुटास नव्हे, ही साधी गोष्ट सैन्यासही उशिरां उमजली. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत डाव्याउजव्या पायाचे जोडे बहुधा एकाच सरळ कलबुतावर बनत. अमेरिकन सैन्यांतील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनीं सुमारे २००० शिपायांचे पाय तपासून १९१२ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, बोटांना पसरण्यास जागा नसलेला बूट हाच शिपायाचा मोठा वैरी. त्यांच्या नांवाचें रुंद पुढा असलेलें कलबूत त्यानंतर प्रसिद्धीस आलें. दोन वर्षांनीं महायुद्ध पेटलें आणि खंदकांतील थंड पाण्यांत दिवसेंदिवस उभे राहिल्यानें सैनिकांचे पाय अक्षरशः सडूं लागले. ओल आणि घट्टपणा हे दोन दोष जगासमोर आले ते असे.

रबरानें या प्रश्नास नवें वळण दिलें. १९३१ सालीं बाटा कंपनीनें बंगालमध्यें काम सुरू केलें आणि थोड्याच वर्षांत बाटानगर वसलें. कॅनव्हासचा, रबरी तळाचा स्वस्त जोडा प्रथमच सामान्य मनुष्याच्या आवांक्यांत आला. १९३८ च्या सुमारास या कंपनीच्या एका जाहिरातींत पायाच्या लहानशा जखमेंतूनही धनुर्वात होतो, असा इशारा दिलेला होता; जाहिरातीच्या निमित्तानें का होईना, खरी गोष्ट सांगितली गेली. १९३५ सालीं आल्प्स पर्वतांत सहा गिर्यारोहक गारठून मेले. त्यांच्या पायांत हिमवादळास पुरे पडणारीं पादत्राणें नव्हतीं. त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांनीं त्या दुःखांतून खोल खांचांचा रबरी तळ शोधून काढला आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या जंगलांत कॅनव्हासचे उंच बूट वापरांत आले. आज वनरक्षकांच्या व पोलिसांच्या पायांत दिसणारा हिरवट ‘हंटर’ बूट त्याच कुळांतील. खेड्यांतील कारागिरानें तर मोटारच्या झिजलेल्या टायरांचे तुकडे कापून वहाणांचे तळ केले. टिकाऊपणांत त्यांस तोड नव्हती.

अनवाणी पायानें कोणती किंमत दिली तें आतां पाहावें. १८९८ सालीं कैरो येथें आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अंकुशकृमीच्या अळ्या असलेलें पाणी चुकून सांडलें. त्वचेस खाज सुटली आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्या पोटांत तेच जंत सांपडले. ते कातडी भेदून शरीरांत शिरतात हें अशा रीतीनें सिद्ध झालें. ओलसर, सावलीची आणि उघड्यावरील विष्ठेनें दूषित झालेली जमीन हें त्यांचें माहेरघर. वर्षानुवर्षें रक्त शोषिलें जाऊन मनुष्य फिकट व निःसत्त्व होतो, आणि लोक त्यास आळशी म्हणतात! सर्पदंशाची गोष्ट तर उघडच आहे. रानांत व शेतांत नाग आणि घोणस यांचे दंश बहुतेक पायावर होतात. २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्पदंशास उपेक्षित रोगांच्या यादींत घातलें, तेव्हां तो मुख्यतः गरिबांच्या पायांचा प्रश्न आहे हेंच तिनें मान्य केलें.

तथापि या विषयांतील सर्वांत बोलका अध्याय वरोऱ्याजवळ आनंदवनाच्या निमित्तानें डोळ्यांपुढें येतो. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून कुष्ठरोग्यांसाठीं हें काम आरंभिलें. कुष्ठरोगांत पायाची संवेदना जाते. खिळा रुतला, निखारा लागला, तरी रोग्यास कळत नाहीं. बोटें रोगानेंच झडतात असा समज सर्वत्र होता. वेलोर येथें १९४६ पासून काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, बहुतेक जखमा बधिर पायावर त्याच जागीं पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबामुळें होतात. म्हणून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा सुखतळा, खालीं कठीण तळ, मागें पट्टा आणि एकही खिळा नाहीं, अशी चप्पल तयार झाली. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार १९८२ पासून सर्वत्र सुरू झाला आणि रोग बरा होऊं लागला. परंतु एकदां गेलेली संवेदना पुष्कळदां परत येत नाहीं. अशा मनुष्याचा पाय ती साधी चप्पलच वांचविते. मधुमेहानें पाय बधिर झालेल्या शहरी गृहस्थासही हाच नियम लागू आहे.

या सर्व इतिहासांतून निवडीचे कांहीं नियम आपोआप निघतात. जोडा सायंकाळीं घ्यावा, कारण दिवसभराच्या चालण्यानें पाऊल किंचित् फुगलेलें असतें. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी आणि बोटें आंत पसरतां यावींत. बूट वांकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशीं वांकावा, मध्यें नव्हे. आंत हात घालून खिळ्याचें किंवा चुकेचें टोंक लागतें कां तें चांचपावें. नित्याच्या वापरास टांके घालून तळ शिवलेला चामडी बूट उत्तम, कारण तळ झिजला तरी मोची नवा बसवून देतो. केवळ डिंकानें चिकटविलेला तळ उन्हाळ्यांत सुटण्याचा संभव अधिक. आजकालचे कांहीं हलके फेसाळ तळ दमट हवेंत नुसते ठेवल्यानेंही कांहीं वर्षांत भुगा होतात. असे जोडे सांठवून ठेवूं नयेत. पावसाळ्यांतील रानासाठीं खोल खांचांचा कॅनव्हासचा उंच बूट बरा, कारण तो लवकर वाळतो. भाताच्या चिखलांत गमबूट. भिजलेला चामडी बूट चुलीपाशीं न ठेवतां आंत कागद कोंबून सावलींत वाळवावा, मग तेल द्यावें. शक्य तर दोन जोड आलटूनपालटून वापरावे. त्यांचें आयुष्य दुपटीहून अधिक वाढतें. आणि रानांत असो वा घरीं, घालण्यापूर्वीं बूट उलटा करून झटकावा. विंचवास ती जागा फार आवडते.

किंमत ठरवितांना दुकानांतील आंकडा एकटा पाहूं नये. तो जोडा किती पावसाळे काढील यानें त्यास भागावें. हा भागाकार शहरांतील कुटुंबास सहज करतां येतो, कारण पहिली रक्कम त्याच्यापाशीं असते. तेंदूपानें तोडणाऱ्या बाईस भागाकार कळत नाहीं असें नव्हे. तिच्यापाशीं भाज्यच नसतो. म्हणून ती दरवर्षीं पातळ चप्पल घेते, ती दरवर्षीं तुटते, आणि हंगामाचे अखेरचे दिवस ती तापलेल्या मुरमावरून अनवाणीच चालते. बांबूचा कागद आणि तेंदूचें पान हीं दोन्हीं ज्या पायांवरून शहरापर्यंत येतात, त्या पायांस पुरा एक पावसाळा टिकेल असें पायतण मिळालें आहे कीं नाहीं, हा प्रश्न या इतिहासानें अजून निकालांत काढलेला नाहीं.