पाटीवरील गाव आणि मुखातील गाव

तेरेखोल नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, पेडणे तालुक्यातील केरी हे गाव वसले आहे. येथून गोव्यात फिरावयास निघालेला प्रवासी रस्त्याकडेच्या रोमन लिपीतील पाट्या वाचू लागला, की त्याची करमणूक सुरू होते. इंग्रजीच्या वळणाने वाचता केरीचे 'क्वेरिम' होते, पालयेचे 'पालिएम', तर तोरसेचे चक्क 'टॉर्क्सेम'! डिचोलीचे 'बिचोलिम' होताना तर आद्याक्षरच पालटते. त्यातही केरी एक नव्हे. पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यात अशा तीन केरी आहेत. पत्ता विचारणाऱ्याची तारांबळ उडावी, यात नवल ते काय?

परंतु यातील बराचसा विनोद वाचणाऱ्याने निर्माण केलेला आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि तेथील नावे पोर्तुगीज लेखनपद्धतीने दप्तरात उतरली. त्या पद्धतीत 'ई'पूर्वीच्या 'क्यू-यू' या जोडीचा उच्चार 'क', 'एक्स'चा बहुधा 'श'. आणि शब्दाच्या अंतीचा 'एम' म्हणजे ओठ मिटून काढलेला 'म' नव्हे, तर नाकातून निघणाऱ्या स्वराची खूण होय. पेडणें, मांद्रें, तुयें ही नावे मराठीतही पूर्वी अनुस्वार देऊनच लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी असे अनुस्वार आपल्या लेखनातून गेले. कोकणी बोलण्यात तो नाकातील स्वर आजही ऐकू येतो, आणि परक्यांच्या पाटीने त्याची खूण जपली आहे!

'ह'ची कथा याच्या उलट. पोर्तुगीज भाषेत 'ह' उच्चारला जात नाही. म्हणून हरमलचे 'अरंबोल' झाले, डिचोली तालुक्यातील लेण्यांच्या हरवळ्याचे 'आर्वालें' झाले आणि हळर्णचे 'आलोर्ना'. या शेवटच्या नावाचे भाग्य मोठे विलक्षण. शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैदा याने १७४६ साली सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला. त्याबद्दल १७४८ साली त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' हा किताब मिळाला. त्याची नात लिओनोर (१७५०-१८३९) ही पोर्तुगालची नामांकित कवयित्री. तेथील वाङ्मयेतिहासात ती 'आलोर्नाची मार्क्विस' म्हणूनच ओळखली जाते. अशा रीतीने पेडण्यातील एक खेडे लिस्बनच्या साहित्यात जाऊन बसले, ते आपला 'ह' मागे ठेवून!

१९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, तथापि तिचे लेखन पाट्यांवर राहिले. खरा धोका त्या लेखनात नाही. ते इंग्रजी समजून वाचण्यात आहे. बाहेरचा प्रवासी 'अरंबोल' म्हणतो, त्याला उत्तर देणारा गावकरीही तसेच म्हणू लागतो, आणि आता तर दूरध्वनीवरील नकाशाही त्याच उच्चाराने वाट दाखवितो. जे नाव शासनकर्त्यांच्या दप्तराला पुसता आले नाही, ते असे हसतखेळत पुसले जाऊ शकते. त्यावरील उपाय मोठा खर्चाचा नाही. पाटीवर देवनागरी अक्षरे ठळक असावीत, आणि प्रवाशाने पाटी वाचून झाल्यावर, पुढे जाण्यापूर्वी, जवळच्या दुकानदाराला एकदा विचारावे, "बाबा, या गावाला तुम्ही काय म्हणता?"