परक्या गांवीं आलेलें दुखणें

आपल्या गांवीं माणूस आजारी पडला तर विचारपूस करावयास शेजार असतो. वैद्याचे पैसे सुगीवर राहिले तरी चालतें. परक्या गांवीं तेंच दुखणें आलें कीं वैद्य ओळखीचा नाहीं, उसनें देणारा कोणी नाहीं, आणि मजुरी बुडते ती वेगळीच. अशा नवागताला सार्वजनिक वैद्यकीय मदत कशी मिळत गेली, हें पाहावयास खानदेश हें बोलकें उदाहरण आहे. कारण गेलीं दोनशें वर्षें हा प्रांत बाहेरून आलेल्यांच्या श्रमानेंही वाढत आला आहे.

इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळ्यास आपलें ठाणें केलें, तेव्हां लुटालूट व १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं प्रांत उजाड झालेला होता. पडीक जमिनीवर कुळें बसविण्याचे प्रयत्न झाले. १८२५ त औट्रमनें भिल्लांची पलटण उभारली व रस्ते निर्धास्त होऊं लागले. परंतु पश्चिमेकडे नवापूर-पिंपळनेरच्या रानांत आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं हिवतापाचें राज्य होतें. चोरापासून वांचलेला नवा कुणबी तेथें पावसाळा सरतां सरतां तापानें अंथरूण धरी. दोष हवापाण्यास दिला जाई. डांसाचा अपराध रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस सिद्ध केला तो १८९७ त. तोंपर्यंत सरकारी वैद्यक मुख्यतः फौज, तुरुंग आणि कचेरीचें गांव यांच्यापुरतेंच होतें. रानांतल्या पाड्यावरून तेथवर येणें म्हणजे तापाइतकेंच मोठें संकट.

१८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगांव, पाचोरें, जळगांव ओलांडून भुसावळास पोंचला, आणि तें लहानसें गांव रेल्वेचें मोठें ठाणें बनलें. जळगांवीं कापसाची पेठ भरभराटली, गिरण्या निघाल्या. नाना प्रांतांचे लोक बिऱ्हाडें घेऊन राहूं लागले. रेल्वेनें आपल्या नोकरांसाठीं दवाखाना ठेवला. मात्र त्याचें दार हजेरीपटावर ज्याचें नांव त्याच्यासाठीं उघडें; नोकरी सुटली कीं औषधावरचा हक्कही सुटे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला. लोक आगगाडीनें पळूं लागले आणि त्यांच्याबरोबर सांथही देशांत शिरली. फेब्रुवारी १८९७ त सांथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीनें वा अन्य मार्गानें प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, संशयितांस इस्पितळांत किंवा तात्पुरत्या जागेंत वेगळें ठेवावें, असे अधिकार त्यानें सरकारास मिळाले. सांथ रोखणें अवश्य होतें यांत वाद नाहीं. परंतु बरें करणारा डॉक्टर नवागताला प्रथम भेटला तो पहारेकरी म्हणून. ‘काय होतें?’ या प्रश्नाच्या आधीं ‘कोठून आलास?’ हा प्रश्न आला. त्याचें फळ असें कीं लोक काखेंतली गांठ लपवूं लागले. हाफकिन यानें जानेवारी १८९७ त आपल्याच अंगावर टोचून घेऊन लस निर्धोक असल्याचें दाखविलें, तरी सुईची धास्ती पुष्कळ दिवस गेली नाहीं. ज्या दारांत शिरल्यावर घरचीं माणसें अंतरतात, त्या दारापाशीं कोणी आपण होऊन जात नाहीं.

विचार पालटला तो १९४६ त भोर समितीचा अहवाल निघाल्यावर. पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारास अंतरूं नये, आणि वैद्यकानें खेड्यापर्यंत जावें, हें तिचें सूत्र. त्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें उभीं राहिलीं. सपाट मुलखांत तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागांत वीस हजार वस्तीस एक, असें त्यांचें प्रमाण पुढें ठरलें. तरीही दाराशीं आलेल्यास परत लावण्याचे प्रकार थांबले नाहींत. १९९२ त बंगालमध्यें आगगाडींतून पडलेल्या एका मजुरास खाट नाहीं म्हणून एकामागून एक सरकारी इस्पितळांनीं नाकारलें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ त निर्णय दिला कीं, आणीबाणीच्या वेळीं उपचार नाकारणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, आणि पैशाची टंचाई ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं.

यानंतरही एक अडसर उरला, तो कागदाचा. २०१२ त महाराष्ट्रांत मोठ्या शस्त्रक्रियांसाठीं जी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळें होतें. परंतु तिला पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका लागे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सातपुड्यापलीकडून, मध्यप्रदेशांतून, मजूर येतात. त्यांच्यापाशीं ही पत्रिका कोठून असणार? २०१८ त निघालेल्या आयुष्मान भारत योजनेनें यावर उपाय केला: एका राज्यांत मिळालेलें कार्ड दुसऱ्या राज्यांतील योजनेच्या इस्पितळांतही चालावें. पुढें १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें आपल्या दवाखान्यांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले.

दोनशें वर्षांत एवढी मजल झाली. परंतु ही व्यवस्था ज्याच्यासाठीं, त्यालाच ती पुष्कळदां ठाऊक नसते. बागेंत उतरलेल्या कुटुंबाला जवळचें उपकेंद्र कोणत्या वाटेवर आहे, मुलाची राहिलेली लस येथेंही टोंचून मिळते, घरून निघतांना कोणतें कार्ड बरोबर ठेवावें, हें पहिल्याच आठवड्यांत कोणीतरी सांगावें लागतें. तें काम कायद्याचें नव्हे, शेजाऱ्याचें आहे. जुन्या गांवांत शेजार आपोआप मिळे. नव्या गांवांत तो कोणीतरी आपण होऊन द्यावा लागतो. प्लेगच्या दिवसांत जो प्रश्न नवागताला भिववी, तोच ‘कोठून आलास?’ आपुलकीनें विचारला गेला, म्हणजे दवाखान्याची वाट तेथूनच सुरू होते.