नाकातली, पोटातली नळी घरी ओढू नका. आधी हे वाचा

घोटावडे (ता. मुळशी) : लकवा किंवा तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला नळीवाटे पातळ अन्न देतात. पेशंट बरा दिसला की घरचे म्हणतात, आता काढून टाकू. पण गिळताना ठसका लागत नाही ना, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नळी काढायची नसते.

नाकातली नळी : पेशंटला बसवून, नळी चिमटून, श्वास रोखायला सांगून नर्स ती एका दमात काढतात. न चिमटता ओढली तर आतलं अन्न श्वासनळीत सांडून न्यूमोनिया होऊ शकतो. निघालेली नळी घरी परत घालू नका, ती फुप्फुसात जाऊ शकते.

पोटातली नळी : बऱ्याच नळ्यांना आत पाण्याचा फुगा असतो. सिरिंजने पाणी काढल्यावरच नळी सुटते. काहींना दुर्बीण लागते. ओढाल तर जखम होईल.

अचानक निसटली तर : भोकावर स्वच्छ गॉज ठेवा, काही भरवू नका, नळी सोबत घ्या. भोक काही तासांतच बुजायला लागतं. म्हणून पुण्याचं ट्रॅफिक धरून, जिथे नळी बसवली त्या हॉस्पिटलला फोन करून लगेच निघा. नळी बसवून महिनाही झाला नसेल तर धोका जास्त, अन्न पोटाच्या पोकळीत सांडतं.

काढल्यानंतर : एक-दोन दिवस थोडं पाझरणं चालतं. ताप, पोट कडक होणं, पू, रक्त किंवा धाप दिसली तर १०८ ला फोन करा, नाहीतर पौडचं ग्रामीण रुग्णालय गाठा.