लाव्हाच्या दोन थरांमधले तळे

१/ छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे जाणारा रस्ता पडेगाव ओलांडतो आणि पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या दिसू लागतात. हा सारा काळा बेसाल्ट, म्हणजे एकावर एक थिजलेले लाव्हाचे प्रवाह. अशा अग्निजन्य भूमीत पाण्याचा इतिहास कोठे शोधावा? दोन प्रवाहांच्या मधल्या फटीत.

२/ दख्खनच्या कड्यांत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कोठेकोठे तांबडा पट्टा दिसतो. अनेक ठिकाणी तो जुन्या लाव्हाचा ऊनपावसाने कुजलेला पृष्ठभाग असतो. त्यातील लोह गंजून रंग तांबडा झाला आणि पुढच्या उद्रेकाने तो झाकला गेला. असा पट्टा म्हणजे उद्रेकांमधील विश्रांतीची नोंद.

३/ विश्रांती लांबली की खोलगट जागी पाणी साचे, तळाशी गाळ बसे. पुढचा लाव्हा त्यावर पसरला की तो गाळ कायमचा बंदिस्त होई. यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. ट्रॅपच्या पूर्व कडेला, विदर्भात, ते ठळकपणे आढळतात. म्हणून पुढची कथा नागपूरची.

४/ स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी शहराजवळच्या टाकळी येथील थरांतून गोगलगायींचे शंख, फळे, बिया, लाकूड आणि कीटकांचे अवशेष जमवले. १८५५ मध्ये त्यांचे विवेचन लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आले.

५/ ते तळेच होते, हे कशावरून? शंख गोड्या पाण्यातील गोगलगायींचे होते. गाळ वाचण्याचे सर्वसाधारण नियमही असे: पातळ, समांतर थर संथ पाणी सांगतात, तिरपे थर आणि गोल गोटे वाहता प्रवाह सांगतात, चिखलाच्या भेगा पाणी आटल्याचे सांगतात. गाळ आपले जन्मस्थान अंगावर वागवतो.

६/ मात्र एका प्रश्नावर हिस्लॉप चुकले. वरचा लाव्हा तळ्यावर पसरला, हे त्यांनी ओळखले. पण गाळाखालचा बेसाल्ट नंतर भूगर्भातून आत घुसला, असे त्यांनी मानले. तसे असते तर तळे लाव्हाच्या आधीचे ठरले असते आणि ‘दोन उद्रेकांमधील काळ’ ही कल्पनाच कोसळली असती.

७/ निर्णय गाळाच्या दोन कडांवर अवलंबून होता. खालचा बेसाल्ट नंतर घुसला असता, तर गाळाची खालची बाजू भाजलेली दिसली असती. तो आधीचा असेल, तर त्याचा माथा झिजलेला आणि त्याचे तुकडे गाळात मिसळलेले सापडावेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात दुसऱ्या बाजूने कौल दिला: लाव्हा, मग तळे, मग पुन्हा लाव्हा.

८/ सर्व पाणी सारखे नव्हते. गोदावरीच्या खालच्या टप्प्यात, राजमहेंद्रीजवळील अंतरा-ट्रॅपी थरांत खाडीच्या मचूळ पाण्यातील शंखशिंपले मिळतात. म्हणजे तेथे समुद्र जवळ होता, तर नागपुराकडे गोड्या पाण्याची तळी होती. पैठणहून वाहणाऱ्या आजच्या गोदावरीच्या जन्मापूर्वीचा हा नकाशा केवळ गाळावरून काढता येतो.

९/ हिस्लॉप यांनी या थरांना डायनासोरोत्तर तृतीय युगातील मानले. आज दख्खनच्या उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोरांच्या अंताच्या आसपासचा ठरतो. लाव्हाचा त्या विनाशात वाटा किती, हा वाद अजून चालू आहे. उद्रेक सलग झाले की थांबून थांबून, यावर त्याचे उत्तर बरेच अवलंबून आहे. आणि थांबल्याची साक्ष हे पातळ थरच देतात.

१०/ १८६३ मध्ये टाकळघाट येथील पाषाणवर्तुळांच्या पाहणीनंतर परतताना हिस्लॉप पुराच्या ओढ्यात बुडाले. त्यांची टाकळी आज नागपूरच्या वस्तीत सामावली आहे. रस्ता, खाण किंवा पाया खणताना असा वीतभर थर निघाला, तर बहुधा तो मुरुमाबरोबर उचलला जातो. पडेगावच्या परिसरातही डोंगर कापला गेला, तर काळ्या दगडाइतकेच त्याच्या सांध्याकडेही लक्ष असावे. लाव्हा केवळ उद्रेकाचे क्षण सांगतो. मधला दीर्घ काळ गाळ सांगतो.