पेटीतले ग्रंथालय

ग्वाल्हेरचे शिंदे आणि बडोद्याचे गायकवाड ही दोन्ही घराणी मराठी मुलखाबाहेर स्थिरावली. दोन्हीकडे दरबारामागून मराठी कुटुंबे आली आणि कुटुंबांबरोबर मराठी पुस्तकेही आली. पुस्तक वाड्यातून काढून खेड्यातल्या माणसाच्या हाती कसे द्यावे, याचा बडोद्याने घालून दिलेला धडा म्हणूनच आपणा ग्वाल्हेरकरांना जवळचा आहे.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटली की अक्षरही सुटते. मुलगा नांगरामागे गेला आणि घरात छापील कागद नसला, तर शिकलेले पुसून जाते. शाळेवरचा खर्च फुकट जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेपाठोपाठ ग्रंथालय हवे. म्हणून महाराजांनी 1910 साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळी सोय झाली. ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग निघाले. 1912 पासून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीच्या जोडीने मराठीलाही जागा होती.

यातली सर्वांत साधी योजना फिरत्या ग्रंथालयाची होती. पुस्तकांची पेटी गावी जाई, ठरलेल्या मुदतीनंतर परत येई आणि तिच्या जागी दुसरी जाई. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रे दाखवली जात. गावात कायमचे ग्रंथालय हवे असेल, तर मात्र एक अट होती: एक तृतीयांश रक्कम गावाने उभी करायची, मग तेवढीच पंचायत देई आणि तेवढीच सरकार. ज्यात आपला पैसा पडला, त्या ग्रंथालयाकडे गाव परके म्हणून पाहत नसे.

संस्थाने गेली, तरी पेटीची कल्पना गेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने 2009 साली विनायक रानडे यांच्या पुढाकाराने 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. वाचकांच्या गटाकडे पेटी द्यायची आणि काही महिन्यांनी गटागटांत ती बदलायची, हेच तिचे सूत्र. तिच्या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या.

आपली अडचण बडोद्याच्या उलट आहे. त्या मुलांना अक्षरच टिकवायचे होते. आपली मुले हिंदी शाळेत देवनागरी पक्की शिकतात. मराठी पान वाचायला त्यांना 'ळ' तेवढा नवा. लिपी हाती आहे, बोली कानावर आहे, नाही ते फक्त पुस्तक. आणि तेही आपल्याच कपाटांत कुलुपाआड आहे. फूलबागेच्या आसपासच्या दहा घरांनी प्रत्येकी तीन पुस्तके काढली, तरी एक पेटी भरते. सरकारच्या आणि पंचायतीच्या वाट्याची वाट पुढे पाहता येईल. पहिला तृतीयांश बडोद्यातही गावालाच घालावा लागला होता.