माडीची पाटणी आणि तळमजल्याची ओल : ठाणे-कल्याण परिसरातील लाकडी जमिनीचा इतिहास

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात इमारती लाकडाची उणीव पूर्वी कधी नव्हती. तरीही येथील जुन्या घरांत तळमजल्यावर लाकडी जमीन सहसा आढळत नाही, ती आढळते वरच्या माडीत. इ.स.च्या 6व्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्याण बंदरातून जाणाऱ्या मालात तांबे आणि कापड यांच्याबरोबर ज्या ओंडक्यांची नोंद केली आहे, ते शिसवाचे असावेत असे अभ्यासक मानतात. आणि 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यानंतर याच खाडीकाठी आरमाराच्या जहाजबांधणीला हात घातला गेला. लाकूड होते, सुतार होते, तासलेल्या फळ्या कडेला कड लावून जोडण्याची विद्याही होती. तेव्हा तळमजल्यावर फळ्या न घालण्याचे कारण पुरवठ्यात शोधण्यापेक्षा पायाखालच्या मातीत शोधावे लागते.

या भागात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, खाडी जवळ असल्याने भूजल वर येते आणि जोत्यातून, म्हणजे घर ज्या चौथऱ्यावर उभे असते त्यातून, ओल वर चढत राहते. लाकूड हवेतली आणि जमिनीतली आर्द्रता शोषून रुंदीच्या दिशेने फुगते, कोरड्या ऋतूत आकसते, आणि सतत ओले राहिले तर कुजते. त्यात वाळवी लागली की वरून धड दिसणारी फळी आतून पोकळ झालेली असते. म्हणून तळमजल्यावर मुरूम आणि माती पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकून आणि चोपण्याने चोपून जमीन केली जाई, व वर शेणकाल्याचा हात फिरे. अशी जमीन ओल अडवीत नाही, ती वाफेच्या रूपाने वर सोडून देते, आणि भेगाळली तर पुन्हा सारवून नवी करता येते. सारवलेल्या जमिनीला मागासलेपणाची खूण मानण्याची सवय पुढे रूढ झाली, पण तळ कसा आहे हे ओळखून केलेले हे काम होते, आणि त्याचा मोठा भार घरातील स्त्रियांनी वाहिला, याची नोंद वास्तुशास्त्राच्या पुस्तकांनी फारशी घेतलेली नाही.

माडीची गोष्ट निराळी होती. भिंतींवर किंवा खांबांवर तुळया, म्हणजे मुख्य आडवी लाकडे, टेकवीत. त्यांवर ठरावीक अंतराने कड्या बसवीत आणि कड्यांवर पाट अंथरीत, म्हणून या रचनेला कडीपाट हे नाव पडले. पाटांच्या सांध्यांतून खालच्या खोलीत माती गळू नये म्हणून सांध्याखाली बारीक पट्ट्या ठोकीत. कित्येक घरांत पाटांवर मातीचा थर देऊन तोही सारवीत, तर काही ठिकाणी फळ्या उघड्याच ठेवीत. या लाकडाला खालून मोकळी हवा मिळे आणि ओल्या जमिनीचा स्पर्श होत नसे. सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते व तो इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो-आकसतो, हे खरे असले तरी माडीच्या टिकाऊपणाचे अर्धे श्रेय त्या पोकळीला द्यावे लागते. कौलातून गळती सुरू होऊन तुळईचे भिंतीत गेलेले टोक भिजू लागले, की अशा माडीचा नाश तिथूनच सुरू होई.

रेल्वेने हा हिशेब बदलला. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आणि 1854 मध्ये कल्याणपर्यंत गाडी आली, आणि 1871 मध्ये मुंबई-रायचूर मार्ग पूर्ण झाल्यावर त्या मार्गावरील शहाबादचा दगड वाघिणींतून येणे सोपे झाले. चुन्याच्या कोब्यावर, म्हणजे खडी-चुन्याच्या ठोकलेल्या थरावर, शहाबादी फरशी बसू लागली. ब्रिटिशांनी 1885-86 मध्ये उत्तर ब्रह्मदेश जिंकल्यानंतर तेथील सागाची मुंबईकडची आवक वाढली आणि 'बर्मा टीक' हे नाव वखारींतून कायमचे रुळले. मुंबईत 1922 मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स ही स्वदेशी कंपनी निघाली व सिमेंटच्या नक्षीदार लाद्या परदेशी लाद्यांशी स्पर्धा करू लागल्या. पुढे काँक्रीटच्या स्लॅबने तुळया आणि कड्या घरातून काढूनच टाकल्या. डोंबिवलीतील सोसायट्यांच्या इमारतींत मोझेक लादी आली, नंतर व्हिट्रिफाइड टाइल.

आता घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा कल्याणच्या नव्या सदनिकांत लाकडी जमीन परत येते आहे, बहुधा लॅमिनेट किंवा प्लायच्या थरांवर पातळ लाकूड चढवलेल्या फळ्यांच्या रूपात. 18 ते 20 मिलिमीटर जाडीची अखंड भरीव फळी त्या मानाने विरळाच. तिच्यासाठी तळ तयार करणे हेच खरे काम असते. लाद्या काढल्यावर खालचा बेड पोकळ वाजतो का हे ठोकून पाहावे लागते, आणि पाणसळ लावून चढ-उतार तपासावा लागतो; सुमारे 3 मीटरमध्ये 5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चढ घासून व खळगा भरून घेतात. ओल पाहण्यासाठी सुमारे 45 सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून किमान 16 तास ठेवतात. खाली बाष्प साचले किंवा काँक्रीट काळवंडले, तर लाकूड आणू नये. तळ कोरडा ठरल्यावरही प्लास्टिकचा थर घालून त्यावर वॉटरप्रूफ प्लाय किंवा पट्ट्यांची चौकट बसवतात. मग एका फळीच्या खाचेत दुसरीची जीभ सरकवून, जिभेच्या मुळाशी तिरपा खिळा मारतात. पुढची फळी बसली की तो दिसत नाही. भिंतीलगत 10 ते 15 मिलिमीटर जागा मोकळी सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात, कारण आषाढात फळ्या रुंदावतात. ही जागा न सोडल्यास जमीन मध्यभागी उचलली जाते. फळ्या बसवण्यापूर्वी त्याच खोलीत काही दिवस रचून ठेवण्याची पद्धतही याच कारणाने पाळतात, आणि जाणते मिस्त्री हे काम दिवाळीनंतर, भिंती वाळल्यावर, हाती घेतात.

म्यानमारने 2014 मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यानंतर बर्मा टीक महागला आणि त्याची जागा आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागाने घेतली. जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघणाऱ्या तुळयांना आणि पाटांनाही त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. शतकभर वाळलेले ते लाकूड खिळे काढून, रंधा मारून पुन्हा फळ्यांत चिरले जाते, आणि नव्या लाकडापेक्षा ते कमी फुगते-आकसते.